मालिकांतील गोठा आणि गोठ्यातील बाई : मराठी वाहिन्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे मालिका विभाग, तसेच ग्रामीण मालिका लिहिणारे, दिग्दर्शित करणारे आणि निर्माण करणारे सर्वजण यांस,

स. न. वि. वि.

मी पन्हाळा तालुक्यातील एका लहान गावात राहते. घरी चार म्हशी, दोन गाई आणि त्यांची वासरे-रेडके आहेत. गावातील महिला दूध संस्थेचे दप्तर गेली अकरा वर्षे मी लिहिते आहे. संध्याकाळची धार काढून, दूध संस्थेत घालून, जनावरांपुढे रात्रीची वैरण टाकून आम्ही बायका साडेसात-आठच्या सुमारास हातपाय धुतो आणि भाकरी थापता थापता तुमच्या मालिका पाहतो. त्यांतल्या निम्म्या मालिका आमच्यासारख्याच गावांत घडतात. वाडा, तुळस, विहीर, बांध, बैलजोडी हे सगळे त्यांत असते. आमचे काम मात्र त्यांत कुठेच नसते, आणि जेव्हा असते तेव्हा ते ज्या रूपात दिसते त्याविषयी मला आज लिहायचे आहे.

तुमच्या मालिकांतील नायिका गोठ्यात जाते ती बहुतेक वेळा शिक्षा म्हणून. शहरातून आलेल्या सुनेला खाष्ट सासू पहाटे उठवते आणि शेण काढायला लावते. सून नाकाला पदर लावते, पाय घसरून शेणात पडते, पार्श्वसंगीत एकतर विनोदी होते नाहीतर करुण. दोन्ही वेळा सांगायचे असते ते एकच, की ही जागा तिची नव्हे, हे काम तिच्या मानाचे नव्हे. पुढे तिचे चांगले दिवस आले की ती गोठ्यातून बाहेर पडते आणि परत कधी तिकडे फिरकत नाही. हे दृश्य ज्या घरांत पाहिले जाते, तिथल्या बायकांनी त्याच दिवशी दोनदा गोठा झाडलेला असतो. माझी थोरली मुलगी नववीत असताना असाच एक भाग पाहून मला म्हणाली होती, ‘आई, तुला कुणी शिक्षा केली होती?’ ती थट्टा करत नव्हती. तिला खरोखर तसे वाटले होते, आणि त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे मला त्या रात्री सुचले नाही.

आता एक प्रसंग सांगते. चार वर्षांपूर्वी एका मालिकेचे चित्रीकरण आमच्या गावात झाले. कोणती मालिका, कोणाची, ते इथे महत्त्वाचे नाही. माझ्या चुलत जाऊबाईंचा गोठा त्यांना पसंत पडला. दगडी गव्हाण, वर जुनी कौले, एका बाजूला कडब्याची गंज; दिसायला तो चांगलाच आहे. सकाळी मंडळी आली, त्यांनी गोठा धुऊन काढला, उंबऱ्यात रांगोळी घातली आणि रेडकाच्या ओरडण्याने आवाज खराब होतो म्हणून रेडकू परड्यात नेऊन बांधले. नायिकेने धार काढायची होती. ज्यांनी म्हैस पाळली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. रेडकू डोळ्याआड, समोर दिवे, सडाला अनोळखी हात. म्हशीने पान्हा चोरला. दोन तास गेले. शेवटी त्यांनी जाऊबाईंना बोलावले. रेडकू आणून त्याला ढुशा मारू दिल्यावर आणि कासेवर कोमट पाण्याचा हात फिरवल्यावर म्हशीने पान्हा सोडला. मग जाऊबाईंच्या मनगटांत नायिकेच्या हिरव्या बांगड्या चढवल्या, तिच्या साडीसारखे कापड दंडापासून गुंडाळले, हात जास्त काळे दिसतात म्हणून त्यांवर पावडर लावली, आणि कॅमेऱ्याने तेवढे हात टिपले. रिकाम्या चरवीत पहिली धार कशी टणकन वाजते आणि फेस चढू लागला की तो आवाज कसा मऊ, भरदार होत जातो, हे त्या दृश्यात अगदी खरे उतरले आहे, कारण ते जाऊबाईंच्या मुठीने काढलेले आहे. चेहरा मात्र नायिकेचा. गोठ्याचे भाडे सासऱ्यांच्या हातात देऊन मंडळी गेली. पुढे तो भाग दाखवला तेव्हा जाऊबाई टीव्हीजवळ जाऊन म्हणाल्या, ‘ह्यो बघ माझा अंगठा.’ कासरा ओढून ओढून त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक जुना घट्टा पडला आहे, तो पावडरीखालूनही दिसत होता. श्रेयनामावलीत त्यांचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढचे तीन दिवस ती म्हैस निम्मेच दूध देत होती.

मला हा प्रसंग रागाने सांगायचा नाही. आलेली मुले-मुली सभ्य होती, दमलेली होती, रोजचा एक भाग उरकण्याचे त्यांच्यावर ओझे होते, हे मला दिसत होते. पण आमचे हात चालतात आणि आमचे तोंड चौकटीत चालत नाही, ही गोष्ट एका दिवसाच्या घाईतून आलेली नाही. ती आधी लिहिणाऱ्यांच्या मनात असते.

तुम्ही म्हणाल की धार काढणे, शेण काढणे, वैरण कापणे यांत नाट्य कुठे आहे? रोजचे तेच ते काम, त्यात प्रेक्षक काय पाहणार? म्हणून थोडे विस्ताराने सांगते, कारण तुमच्या लेखकांपर्यंत हे पोहोचत नसावे अशी माझी समजूत आहे.

म्हैस माजावर आली की गाईसारखी हंबरून सांगतेच असे नाही. उन्हाळ्यात तर तिचा माज मुकाच असतो. कासेचा ताठरपणा, वारंवार थोडे थोडे मुतणे, वैरणीवरून तोंड उचलून उगाच दूर पाहत राहणे, योनीतून लोंबणारा सोटाचा, म्हणजे चिकट स्रावाचा, एखादा चकचकीत धागा. एवढ्यावरून ज्या बाईला माज ओळखता येतो ती त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावते. जिला ओळखता येत नाही तिचे पुढच्या माजापर्यंतचे एकवीस दिवस वाया जातात. एकवीस दिवसांची वैरण आणि पेंड अंगावर पडते, आणि असे दोन-तीनदा झाले तर भाकड जनावर विकण्याची भाषा घरात सुरू होते. पुरुष बाजाराकडे बोट दाखवतो, बाई आणखी एक पाळी बघू म्हणते. या एका वाक्यावर घराघरांत जे भांडण होते, त्यात तुमच्या मालिकेचे दोन आठवडे सहज निघतील, आणि त्यासाठी कोणाला विष घालावे लागणार नाही की कोणाची स्मृती जावी लागणार नाही.

आणि म्हैस विण्याची रात्र. गेल्या वर्षी भाद्रपदात आमची एक म्हैस अडली. रात्री दीडचा सुमार, बाहेर पाऊस, घरचे पुरुष कारखान्याच्या पाळीला, डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. पाण्याची पिशवी फुटून तास होऊन गेला तरी एकच पाय दिसत होता. मी आणि माझी सासू, दोघीच. सासूबाई बॅटरी धरून म्हशीच्या तोंडाशी बसल्या आणि तिच्याशी बोलत राहिल्या. मी कोपरापर्यंत साबणाने हात धुतला, तेल लावले आणि आत घातला. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे अडकला होता. म्हैस कळ देते तेव्हा आतला हात असा आवळला जातो की बोटे बधिर होतात. कळ ओसरेपर्यंत थांबायचे, मग रेडकाचे बाहेर आलेले अंग हलकेच आत लोटून जागा करायची, खूर आपल्या तळहातात झाकून धरायचा म्हणजे तो आतून फाडणार नाही, आणि पाय सरळ करून पुढे आणायचा. चौथ्या खेपेला तो आला. मग दोन्ही पाय आणि त्यांवर टेकलेले तोंड, कळेबरोबर ओढायचे, कळेविरुद्ध कधीच नाही, आणि ओढ खालच्या दिशेने. रेडकू पडले ते निपचित. सासूबाईंनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, वैरणीची काडी नाकपुडीत फिरवली, ते शिंकले आणि म्हशीने मान वळवून चाटायला सुरुवात केली. पहाटेपर्यंत वार पडण्याची वाट पाहत आम्ही तिथेच बसलो होतो, कारण वार पडली की लगेच उचलून पुरावी लागते. त्या रात्री आम्ही दोघी सासू-सुना एकमेकींशी जितक्या बोललो तितक्या त्याआधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. हे सगळे लिहायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात ते पडद्यावर दाखवता येईल. सासू-सून हा तर तुमचा हातखंडा विषय आहे. त्या दोघी एका अडलेल्या म्हशीच्या पुढे-मागे बसलेल्या तुम्ही कधी का दाखवल्या नाहीत?

पैशाचा भागही असाच. सकाळी संस्थेत बाईने दूध ओतले की मापाइतकेच महत्त्व फॅटला (दुधातल्या स्निग्धांशाला) आणि एसएनएफला (स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन घटकांना) असते. गाईच्या दुधाला वर्षानुवर्षे साडेतीन टक्के फॅट आणि साडेआठ टक्के एसएनएफ या आकड्यांनी घरातली वही चालवली आहे. पॉइंट उतरला की दर उतरतो. दर दहा दिवसांनी बिल होते, त्यातून पेंडेचे पैसे आधी कापले जातात, आणि उरलेले पैसे खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्या हाती जातात. आमच्या भागातल्या मिश्र संस्थांमध्ये दूध घालते बाई आणि सभासद असतो नवरा किंवा सासरा, ही रोजची गोष्ट आहे. महिला दूध संस्था निघाल्या त्या यासाठीच, आणि त्या निघताना गावोगाव जे झाले ते मी पाहिले आहे. एका बाईने आपल्या नावावर सभासदत्व मागितल्यावर घरात किती दिवस चूल धुमसते, हे लिहायला कोणी लेखक तयार असेल तर मी त्याला आठवडाभर साहित्य पुरवीन. नाव मी कोणाचेही सांगणार नाही.

हे जगात कुठे झालेले नाही असेही नाही. माझी भाची ऑस्ट्रेलियात ॲडलेडला शिकायला आहे. ती दिवाळीत आली असताना तिने मला ‘मॅक्लॉड्स डॉटर्स’ ही तिकडची मालिका लॅपटॉपवर दाखवली. २००१ ते २००९ अशी आठ पर्वे आणि २२४ भाग ती चालली. दक्षिण ऑस्ट्रेलियात गॉलर गावाजवळच्या एका खऱ्याखुऱ्या जुन्या रानावर, म्हणजे गुरे-मेंढ्या पाळायच्या मोठ्या शेतावर, तिचे चित्रीकरण झाले, आणि तिची कल्पना पोझी ग्रॅहम-इव्हान्स या बाईंची होती. वडिलांमागे रान सांभाळणारी क्लेअर नावाची मुलगी पुरुष गडी काढून टाकते आणि सावत्र बहीण टेस, घर सांभाळणारी मेग, तिची मुलगी जोडी आणि गावातली बेकी यांच्या बळावर सगळे चालवते. त्या घोड्यावर बसून गुरे वळवतात, मेंढ्यांची लोकर कातरतात, कुंपणाच्या तारा ओढतात, बँकेचे कर्ज कसे फिटणार याचा हिशेब मांडतात. आमचे रान आणि त्यांचे रान यांत साम्य शून्य आहे. आमच्या सगळ्या गावाची जमीन त्यांच्या एका कुरणात मावेल. तरीही मी ती पाहिली, कारण त्या बायका बोलत असताना त्यांचे हात काहीतरी करत असतात. प्रेमप्रकरणे तिथेही भरपूर आहेत, रुसवे आहेत, अपघात आहेत. पण प्रेम गुरांच्या कामात जाता जाता होते. त्यासाठी कामाला सुट्टी देऊन कोणी झाडाखाली उभे राहत नाही. ही एक गोष्ट आपल्याकडच्या लेखकांनी त्यांच्याकडून जरूर घ्यावी.

त्या मालिकेत एक मोठी उणीवही मला वाटली, आणि ती आपल्यालाही लागू आहे म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील मोठमोठ्या रानांवर गुरांचे काम करणाऱ्यांत तिथल्या आदिवासी स्त्रिया होत्या. गोऱ्या मालकांच्या रानात त्यांनी घोड्यावरून कळप हाकले, तळावर काम केले आणि मजुरी म्हणून बहुतेकदा शिधा आणि कपडे यांवर भागवले. १९६६ मध्ये तिकडच्याच वेव्ह हिल या रानावर गुरिंदजी आदिवासींनी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडून बाहेर पडण्याचा जो लढा दिला, त्यात या स्त्रियाही होत्या. मी जे भाग पाहिले त्यांत मात्र रान चालवणाऱ्या बाईचा चेहरा गोराच होता. आपल्याकडेही गोठ्यात काम करणारी बाई दाखवायची ठरली तर ती वाड्याची सून असेल, अशी मला आतापासूनच भीती आहे. वाड्याच्या गोठ्यात शेण कोण काढते? विदर्भ-मराठवाड्यात सालगडी सालाला ठरतो तेव्हा पैसे ठरतात पुरुषाचे, आणि त्याच्या बायकोने गोठा झाडणे, शेण भरणे हे अनेक ठिकाणी न बोलता त्यातच धरले जाते. तिचा वेगळा हिशेब कोणी मांडत नाही. आमच्याकडेही पूर्वी मोठ्या घरी शेण काढणाऱ्या बाईला महिन्याकाठी थोडे धान्य आणि रोजचे ताक एवढ्यावर राबवलेले मी लहानपणी पाहिले आहे. मेंढपाळ धनगरांच्या वाड्यात, म्हणजे मेंढरांबरोबरच्या फिरत्या तळावर, तर रोज मुक्काम हलवायचा, घोड्यावर संसार चढवायचा, वाघुरी (मेंढरे कोंडायच्या जाळ्या) ठोकायच्या आणि नुकत्या जन्मलेल्या कोकरांना सांभाळायचे ही सगळी कामे बायकांची. तुमच्या मालिकांत मेंढरे दिसतात ती नायकाची गाडी अडवण्यापुरती.

संख्येचा विचार केला तरी हे दुर्लक्ष समजत नाही. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्या दर चार ग्रामीण स्त्रियांपैकी तिघी शेती आणि तिच्याशी जोडलेल्या कामांत आहेत. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या राज्यात सुमारे ३ कोटी ३० लाख जनावरे मोजली गेली. इतक्या जनावरांना रोज दोन वेळा कोणीतरी पाणी दाखवते. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने शिकवलेल्या बायका शेळ्यांना कृत्रिम रेतन करायला वाडीवस्तीवर जातात. राज्य सरकारच्या उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी जंताची औषधे आणि लसी घेऊन दारोदार फिरतात. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गाठी फुटलेल्या गाईला कडुलिंबाच्या पाण्याने पुसत, तोंडात घोट घोट पेज सोडत रात्री काढल्या त्या घरातल्या बायकांनी. भरपाईचा अर्ज मात्र सातबाऱ्यावर आणि बँकेच्या पासबुकावर ज्याचे नाव त्याने केला. त्या वर्षी बाजार बंद होते, जनावरे एकत्र आणायला बंदी होती, गावेच्या गावे धास्तावलेली होती. तुमच्या ग्रामीण मालिका त्या काळात चालू होत्या, आणि मी पाहत होते त्यांत तरी एकाही गाईला ताप आला नाही.

चित्रीकरणात जनावर घ्यायचे तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, कागदपत्रे लागतात, वेळ जातो, हे मला ठाऊक आहे आणि ती अट योग्यच आहे. पण नायकाचा बैल शर्यतीत पळवायचा असतो तेव्हा ती परवानगी तुम्ही काढताच. म्हशीला गव्हाणीत वैरण टाकताना दाखवण्यासाठी त्याहून अवघड असे काही लागणार नाही. दुसरे म्हणजे लोक गोठा पाहणार नाहीत, असे तुम्ही धरून चालला आहात. गुजरातमध्ये दूध सहकाराच्याच खेडा जिल्ह्यात, पीज गावाच्या दूरचित्रवाणी केंद्रावरून १९७५ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच प्रश्नांवर नाटके आणि मालिका तयार होत होत्या आणि लोक त्या पाहत होते. त्या कामाला पुढे युनेस्कोचे पारितोषिकही मिळाले. तेव्हा साधने आजच्या मानाने किती तुटपुंजी असतील!

माझी मागणी फार मोठी नाही. ग्रामीण मालिकेत एक तरी बाई अशी असू द्या जिचे काम जनावरांचे आहे, जिला ते येते, आणि कथानकात निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा तिचे ते येणे उपयोगी पडते. शेण काढणे ही शिक्षा म्हणून लिहिणे थांबवा. लेखकांच्या गटात गोठा माहीत असलेली एक बाई बसवा आणि तिला त्याचे मानधन द्या. आमच्या संस्थेच्या सभासदांतच अशा तिघीजणी आहेत ज्या संवाद वाचून ‘असं कुणी बोलत न्हाई’ एवढे नक्की सांगतील. आणि ज्या बाईचा गोठा, म्हैस किंवा हात तुम्ही वापराल तिचे नाव शेवटच्या पाटीवर द्या, भाडे तिच्या हातात द्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे, आणि तेच वर्ष चराऊ कुरणांचे आणि पशुपालकांचेही आहे. त्यानिमित्त एखादा विशेष भाग, नऊवारी नेसलेल्या कलाकार आणि एक सत्कार समारंभ, एवढ्यावर कृपया हे उरकू नये.

आमची दुसरी म्हैस मार्गशीर्षात विणार आहे. आपल्यापैकी ज्या लेखक-लेखिकांना यावेसे वाटेल त्यांनी त्या सुमारास चार दिवस आमच्याकडे राहायला यावे. पहाटे साडेचारला उठावे लागेल. जाऊबाईंचा गोठा शेजारीच आहे आणि त्यांनीही होकार दिला आहे. त्यांची अट एवढीच आहे की या खेपेला रेडकू परड्यात बांधायचे नाही.

कळावे.

आपली,
महिला दूध संस्थेचे दप्तर लिहिणारी एक म्हैसपालक
तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर